अकरा भोकं

तीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉरिक गावातल्या निम्म्या नवरीमुलींचे लग्नाचे गाऊन मी शिवले. मग पोरी मोबाइलवरून गाऊन मागवायला लागल्या आणि माझं मशीन धूळ खात पडलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी हातावर हात ठेवून बसायचं? छट्! मी तडक क्लॅरीच्या वर्कशॉपात गेले. अख्ख्या गावाची चामडी जॅकेटं आणि एप्रन तिथे दुरुस्तीला येतात. क्लॅरी एकोणऐंशीचा, बोटं वाकडी झालेली. यंदाचा रोडिओ, म्हणजे घोडेस्वारांची जत्रा, झाला की सगळं विकून तो बहिणीकडे जाणार होता.

"मला शिकव. जमलं तर वर्कशॉप मी चालवीन," मी म्हटलं.

"लेस लावणारी बाई चामडं शिवणार! बरं, रोडिओपर्यंत बघू."

दोन महिने त्याने नुसत्या तुकड्यांवर टाके घालायला लावले. वर दिवसभर एकच जप. "टाचणी विसर, नरेल. चिमटे लाव. कापडाचं भोक बुजतं, चामड्याचं जन्मभर राहतं."

रोडिओच्या आठवड्यात टेस आली. ही पोरगी रोडिओत उधळ्या घोड्यांवर बसते. पँटवरून बांधायच्या तिच्या चामडी चॅप्स मांडीपाशी फाटल्या होत्या.

"आईच्या आहेत गं. शनिवारपर्यंत हव्यात."

"हे काम तुझं," क्लॅरी मला म्हणाला. "मी हात लावणार नाही." म्हणजे हीच माझी परीक्षा.

तो बेकरीत मटण भरलेला मीट-पाय आणायला गेला. मी आतून ठिगळ धरलं आणि गुणगुणत टाचण्या टोचत सुटले. तीस वर्षांची मेली खोड! अकरावी टोचली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. उपटून बघते तर एका ओळीत अकरा भोकं.

मग मी लबाडी केली. मेण चोळलं, रंग फिरवला, वर झकास शिलाई मारली. परत आल्यावर क्लॅरीने चष्मा लावून पाहिलं.

"बरं शिवलंयस की!"

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. ओळीतल्या भोकांवरून चामडं टरकन फाटतं, आणि त्यात ती पोरगी घोड्यावर बसणार होती.

"क्लॅरी, मी टाचण्या लावल्या. अकरा. वर मेण चोळलंय."

त्याने हातातला मीट-पाय खाली ठेवला. "मला काय सांगतेस? घोड्यावर मी बसणार आहे का? तिला सांग."

टेसला बोलावून सांगितलं. तिने मला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. वर्कशॉप गेलं, हे मी धरूनच चालले. तरी भोकांची पट्टी कापून तिथे नवं चामडं बसवलं. आईच्या चॅप्सचा तो तुकडा टेसने गुपचूप खिशात घातला. मला फार वाईट वाटलं.

रोडिओ झाल्यावर सोमवारी ती पुन्हा हजर, या खेपेला फाटकं जॅकेट घेऊन. क्लॅरीने हात पुढे केला.

"तुझ्याकडे नाही," ती म्हणाली. "नरेलकडे देणार. बिघडलं तर ती सांगते तरी."

ती गेल्यावर क्लॅरीने आपल्या वाकड्या बोटांकडे पाहिलं.

"साठ वर्षांत मीही पुष्कळ भोकं मेणाने बुजवली गं," तो म्हणाला. "एकालाही सांगितलं नाही."

आणि उठून त्याने मला आपलं मालकाचं स्टूल दिलं.