मधल्या जागेचा मानकरी

मी गिटारवरचा स्विच बोलतोय. हसलात ना? हसा. गिटार म्हटली की लोकांना तारा दिसतात, चकचकीत लाकूड दिसतं, वाजवणाऱ्याचे केस दिसतात. कोपऱ्यातल्या बोटाच्या पेराएवढ्या दांडीकडे कोण बघतंय! पण माझ्या परवानगीशिवाय त्या बाईसाहेबांच्या तोंडून सूर फुटत नाही, एवढं लक्षात असू द्या.

विजेच्या गिटारीत तारांच्या खाली दोन डब्या बसवलेल्या असतात. त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. वर सूर छेडला की डबीत वीज खेळते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. आमच्याकडची थोरली डबी घुमणाऱ्या, भारदस्त आवाजाची. धाकटी तिखट, एक घाव दोन तुकडे! माझी दांडी वर केली की थोरली बोलते, खाली केली की धाकटी आणि मधे ठेवली की दोघी एकदम. दोन जावांना एका स्वयंपाकघरात नांदवणं म्हणजे काय, ते मला विचारा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून एका दुकानाच्या खोक्यात येऊन पडलो आणि तिथून मला मालकांनी उचललं. मालक घरोघरी विजेचं वायरिंग करणारे. मित्र त्यांना फ्यूजराव म्हणत, कारण दुसऱ्यांचे फ्यूज बांधता बांधता यांचा स्वतःचा कधी उडेल याचा नेम नसे. त्यांनी जुनी गिटार स्वस्तात घेतली होती. तिचा स्विच मेलेला आणि धाकटी डबीही मुकी. म्हणून मी आलो आणि माझ्याबरोबर नवी धाकटी आली.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी आम्हाला मांडलं. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, टेबल जाळाल!"

"मी घरंच्या घरं उजळवली, तुझं टेबल काय जाळतोय!" असं म्हणून त्यांनी तारांना डाग द्यायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. तो डाग अजून तिथे आहे.

धाकटीच्या खोक्यात एक कागद होता, कुठली तार कुठे जोडायची ते सांगणारा. फ्यूजरावांनी तो घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला. "काळी तार म्हणजे परतीची, ती अर्थिंगला. वायरिंग मला शिकवतायत!" त्यांनी वायरिंग केलेल्या भिंतींमधून काळी परतीचीच होती. थोरलीचंही तसंच होतं. पण धाकटी दुसऱ्या कंपनीची, तिच्या काळ्या तारेतून आवाज यायचा. यांनी सवयीने दोन्ही काळ्या अर्थला चिकटवल्या आणि धाकटी उलटी जोडली गेली.

एकेकट्या दोघी छान बोलल्या. मला मधे ठेवलं मात्र, एक ढकलायला लागली तर दुसरी ओढायला! सगळा भारदस्तपणा आपसातल्या भांडणात संपला आणि उरला एक बारीक, नाकातला आवाज.

"अगंबाई, हिला सर्दी झालीय का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"मुद्दाम केलंय," फ्यूजराव म्हणाले. सपशेल थाप! मी तिथेच होतो की.

पण दुरुस्ती काही झाली नाही. उलट त्यांनी त्या नाकातल्या आवाजासाठी एक लहानशी धून बांधली आणि संध्याकाळी कामावरून आले की पाळण्यातल्या लेकीसमोर वाजवायला लागले. लेक मोठी झाली ती तीच धून नाकातून गुणगुणत. म्हणून तिचं नाव पडलं भुंगी.

पुढे फ्यूजराव शिडीवरून पडले. मनगट मोडलं, जुळलं, पण बोटं थरथरायची ती थरथरतच राहिली. गिटार कपाटावर गेली. त्यानंतर कुठे गिटार वाजते असं कळलं की हा माणूस त्या वाटेलाच जात नसे. मी वर पडून. पोटात धूळ, पत्र्यांवर काळं चढलेलं. पण गंजलो नाही, हे माझं पाणी!

भुंगीने एक दिवस आम्हाला खाली काढलं आणि आपलं आपण शिकली. चांगली शिकली. एका सभागृहात तिचा कार्यक्रम ठरला आणि काय आश्चर्य, बाबा येतो म्हणाले. तिने ठरवलं, त्यांना न सांगता त्यांचीच धून वाजवायची.

आदल्या दिवशी माझा घसा कर्र्कर् करायला लागला. ती मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने मला औषध फवारून आंघोळ घातली, तिथवर ठीक. मग आत डोकावून म्हणाला, "हे कुणा बिनडोकाने जोडलंय?" आणि कुणालाही न विचारता धाकटीच्या तारा सरळ करून टाकल्या.

घरी येऊन भुंगीने मला मधे ठेवलं, धून छेडली. गोल, गुबगुबीत आवाज. बोटं तीच, सूर तेच, पण गाणं परकं. ती रडायलाच लागली. "आई, बाबांचा आवाज गेला गं!"

आतून फ्यूजराव आले. काय झालं ते त्यांना ऐकूनच कळलं. आयर्न काढलं, हातात धरून पाहिलं आणि टोक थरथरलं तसं लेकीपुढे केलं. "मला जमायचं नाही. तू कर."

त्याच टेबलावर, त्याच डागाशेजारी ती बसली.

"आधी जोड तापव, मग सोल्डर लाव. फुंकू नकोस, तो काय चहा आहे? हं. आता काळी सोडव आणि अर्थला लाव."

"पण बाबा, तो म्हणाला हे चूक आहे."

"बरोबर म्हणाला."

मालकीणबाई दारातच थांबल्या. फ्यूजराव खाली बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी चुकलोच मी. दुसऱ्या दिवशी तो कागद काढून वाचला, आयर्न तापवलं. तेवढ्यात तू पाळण्यात रडायला लागलीस, कशाने म्हणून गप्प होईनास. शेवटी ही गिटार घेऊन वाजवली, तर टक लावून ऐकत राहिलीस. मग आयर्न बंद केलं. तेव्हापासून ते मुद्दामच आहे."

"आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही!" मालकीणबाई म्हणाल्या.

"तू फक्त सर्दीचं विचारलंस."

भुंगीने नाक पुसलं आणि सोल्डरचा डाग दिला. पहिलाच, जरा ओबडधोबड. पण मी सांगतो, कारखान्यातल्या डागापेक्षा मला त्याचा अभिमान जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. भुंगीने मला मधे ढकललं आणि तो बारीक, नाकातला आवाज निघाला. कडेला स्पीकरची यंत्रणा सांभाळत बसलेला आवाजवाला धडपडत उठला, "ताई, थांबा! तुमची वायर उलटी आहे!"

भुंगी माइकमध्ये म्हणाली, "मुद्दाम केलंय."

पहिल्या रांगेत फ्यूजराव ताठ बसले होते. त्यांची थरथरती बोटं मालकीणबाईंच्या हातावर ती धून वाजवत होती. एकही सूर चुकला नाही. माझी छाती, म्हणजे जो काही पत्रा आहे तो, अभिमानाने फुगली.

आता मी म्हातारा झालोय. दांडीचं टोक झिजलंय, पण दोन जावा अजून सांभाळतोय. उद्या कुणी मला उघडलंत, तर खुशाल धूळ झटका, आंघोळ घाला. फक्त उलटी तार दिसली की लगेच सरळ करायला धावू नका. आधी घरच्यांना विचारा. आमच्याकडे ती मुद्दाम आहे.