शबरीच्या आख्यानातली पेटी

या, असे पुढे सरका, मागच्यांनाही टेकायला जागा होऊ द्या. मुलुंडच्या राममंदिरातल्या एका कीर्तनाची आणि त्यात पेटी धरलेल्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे.

गंधालीने पेटीच्या ट्रॅकवरचं म्यूटचं बटण दाबलं आणि नंदकिशोरबुवांचा आवाज एकदम उघडा पडला. शबरी रामाची वाट झाडते आहे, अंगणात उभी राहते आहे, पुन्हा आत जाते आहे. मागे तबला होता, झांज होती. पण देव्हाऱ्यातला दिवा काढून घ्यावा तसं काहीतरी झालं होतं.

"झकास," बुवा म्हणाले. "गेला एकदाचा."

गंधाली त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. घाटकोपरच्या तिच्या फ्लॅटमधली आतली खोली हाच तिचा स्टुडिओ. हे कीर्तन झालं त्या रामनवमीला तिने मंदिरात हौसेने चार माइक लावले होते: बुवांना एक, पेटीला एक, तबल्याला आणि झांजेला एकेक. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर उतरला होता. पुढे डॉक्टरांनी बुवांचं कीर्तन बंदच केलं. आता मंदिराच्या विश्वस्तांना ते आख्यान लोकांना ऐकवायचं होतं. नीट रेकॉर्ड झालेलं बुवांचं हे एकच कीर्तन, आणि आता नवं होणार नव्हतं.

बुवांची अट एकच होती. इतकी वर्षं साथ केलेल्या राजारामची पेटी त्यात नको.

त्यासाठी चंद्रप्रकाश आले होते. मराठी नाटकांना, जाहिरातींना पेटी देणारे, बोटं लख्ख चालणारे गृहस्थ. कानांवर हेडफोन लावून बुवांचं जुनं गाणं ऐकायचं आणि त्यावर नवी पेटी वाजवायची, म्हणजे ओव्हरडब, हे त्यांचं रोजचं काम. पण तिसऱ्या प्रयत्नालाही ते अडखळले आणि हेडफोन काढून हसले.

"बुवा, तुम्ही थांबता कुठे नि उचलता कुठे, काय पत्ताच लागत नाही. दोन ओळींमध्ये एवढी जागा? एवढ्यात मी खाली जाऊन चहा पिऊन येईन."

"ती जागा माझी नाही हो," बुवा म्हणाले. "राजारामची. मी ओळ सोडली की हा बसायचा आळवत. एकदा झालं, दोनदा झालं, तरी सोडायचं नाव नाही. लोक माझ्याकडे बघतायत आणि मी चिपळ्या धरून उभा. गंधाली, काप त्या जागा."

"मामा, सगळ्या?"

"सगळ्या."

त्या रामनवमीला प्रसादाच्या पंगतीत, पानं वाढलेली असताना, बुवांनी राजारामांना यावरूनच सुनावलं होतं. कीर्तन माझं की तुझं? स्वतःचं कौतुक करून घ्यायचं तर वेगळी बैठक लाव. चारचौघे हसले होते. राजारामांनी पानाला नमस्कार केला आणि न जेवता पेटी उचलून दिंडोशीला घरी निघून गेले. नंतर त्यांचा फोन आला नाही आणि बुवांनी केला नाही.

गंधालीने पडद्यावर बुवांच्या आवाजाच्या लाटा रांगेत लावल्या, मधल्या सपाट जागा कापल्या आणि तुकडे एकमेकांना जोडले. मग ऐकवलं.

स्पीकरमधला माणूस जिना धावत चढल्यासारखा गात होता. ओळ संपायच्या आधीच दुसरी अंगावर येत होती आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी श्वास ओढल्याचा खरखरीत आवाज होता. शबरी बोरं चाखून देत होती की कोणी तिच्या मागे लागलं होतं, कळत नव्हतं.

"श्वास फार आहेत," गंधाली हळूच म्हणाली. "काढते एकेक. पण काढले तरी दम लागल्यासारखं वाटतंच, मामा. तेव्हा हृदयात स्प्रिंगा घालून किती दिवस झाले होते रे तुला?"

"झाले असतील थोडे. तू काम कर."

"जागा थोड्या परत देऊन बघते. कुठे किती होती ते पेटीवरूनच कळेल." तिने पेटीचा ट्रॅक सोलो केला. म्हणजे बाकी सगळं गप्प, एकटी पेटी तेवढी सुरू.

राजारामांची पेटी खोलीत आली. भाता जरासा कुरकुरत होता. मागे खूप लांब, विहिरीतून यावा तसा बुवांचा आवाज होता.

"हे मागचं काय?" बुवांनी विचारलं.

"ब्लीड. माइक पेटीसमोर असला तरी आजूबाजूचं त्यात झिरपतंच. तू, झांज, पोरांची रडारड..." ती थांबली. "आणि हे कोण बोलतंय?"

तिने आवाज वाढवायचा फेडर वर सरकवला. पेटीच्या अगदी जवळून, भात्यावर वाकलेल्या माणसाचं पुटपुटणं आलं.

"दम खा रे नंदू. दम खा. घाय करू नको, मी आसंय."

पेटी पुन्हा त्याच सुरांवरून फिरली.

"अजून येक घेतंय. उभो रव तसोच. खा दम." मग बराच वेळ फक्त सूर. "हां. ये आता."

आणि लांबच्या विहिरीतून बुवांची ओळ आली, ताजी, भरल्या छातीची.

गंधालीने पुढची जागा लावली. तिथेही तेच. त्याच्या पुढे, शबरीला राम दिसतो तिथे, पेटी तीनदा फिरली होती. पंगतीत बुवा ज्यावरून बोलले होते, ती हीच जागा. राजारामांचा आवाज इथे इतका खाली होता की तिघंही स्पीकरकडे झुकली.

"देवा म्हाराजा, आजचो दिस येका निभावून ने. घरी पोचूंदे."

गंधालीने थांबवलं. बुवांनी उपरणं खांद्यावरून काढलं, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. चंद्रप्रकाश हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसले.

"त्याने मला सांगायचं तरी," बुवा म्हणाले.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?" गंधाली म्हणाली.

बुवांनी खिशातून फोन काढला. राजारामचा नंबर त्यांना पाठ होता.

फोन राजारामांच्या बायकोने, लताबाईंनी उचलला. "कोण ता?"

"वहिनी, मी नंदू. मुलुंडहून... म्हणजे घाटकोपरला आहे. राजाराम आहे?"

पलीकडे तळहाताने फोन झाकल्याचा आवाज झाला. मग लताबाई म्हणाल्या, "ते नाय हत घरात."

त्यांच्यामागे कोणीतरी खोकलं. तो खोकला बुवांनी उभ्या आयुष्यात देवळादेवळांतून शेजारी ऐकला होता.

"बरं," बुवा म्हणाले. "आला की सांगा..."

ज्या माणसाने भरल्या मंडपाला तासन्तास हलू दिलं नव्हतं, तो उपरण्याच्या घडीत शब्द शोधू लागला.

"काय सांगू?"

"सांगा, रेकॉर्डिंग चांगलं झालंय."

"सांगतंय." लताबाईंचा आवाज जरा मऊ झाला. "पेटी दिली ओ त्येंनी. हयल्या भजनी मंडळाक. मिया इचारलंय, कित्याक? तर म्हणाले, आता कोणासाठी ठेवू."

फोन बंद झाला. चंद्रप्रकाशांनी आपली पेटी झाकली आणि मानधनाचं न बोलता चप्पल घालून निघून गेले.

"मामा," गंधालीने विचारलं, "जुनी पेटी परत लावते. सगळ्या जागांसकट. ते बोलणं तेवढं काढून टाकू?"

"नको."

"हेडफोन लावून ऐकणाऱ्याला स्वच्छ ऐकू येईल. तुला दम लागत होता ते कळेल. लोक म्हणतील..."

"म्हणू दे. माझा आवाज थोडा खाली घे. त्याचा वर येऊ दे."

"किती?"

"तू वाढवत जा. मी सांगेन."

तिने फेडर हळूहळू वर नेला. बुवा डोळे मिटून बसले होते. त्यांनी 'पुरे' म्हटलंच नाही. शेवटी तिनेच हात थांबवला.

ते आख्यान आता लोक ऐकतात. विश्वस्तांकडे अधूनमधून तक्रार येते की रेकॉर्डिंगमध्ये मागे कोणीतरी सारखं बोलतंय, ते काढता येत नाही का. विश्वस्त बुवांना फोन करतात. बुवा म्हणतात, असू द्या. दिंडोशीहून मात्र अजून काही आलेलं नाही.

तर बाबांनो, आयांनो, कधी तुमच्या कानी ते कीर्तन पडलं, तर बुवांना हात जोडालच. पण शबरीला राम दिसेल तिथे क्षणभर थांबा, आणि दिंडोशीच्या राजारामांची आठवण काढा.