अण्णासाहेबांचा पॉज

ज्ञानेश खैरनार गेली दोन वर्षं ओला कचरा होता. सुका कचरा दर रविवारी बदलत असे. ती भूमिका कॉलेजची पोरं करायची, आणि परीक्षा, साखरपुडे, पुण्यातली नोकरी अशा कारणांनी ती पोरं गळायची. ओला कचरा मात्र कायम होता. वय चौपन्न, कारखान्यातून लवकर निवृत्ती घेतलेला. अंगात हिरव्या कापडाचा झगा, आणि त्यावर बायकोने वैतागून शिवलेल्या कापडी केळीच्या साली.

शेजारी रंगनाथ गांगुर्डे पेटी गळ्यात अडकवून उभा असायचा. आठवडाभर तो गंगापूर रोडच्या फ्लॅटांमधून मुलांना कीबोर्ड शिकवायचा. मुलांना सिनेमातली एकच धून यायला हवी असायची आणि आईवडिलांना ती वाढदिवसाआधी यायला हवी असायची. रविवारी तो ज्ञानेशबरोबर स्वच्छतेचं पथनाट्य करायचा. नाट्याच्या शेवटी ओला कचरा दोन्ही हात पसरून म्हणायचा, "मी कुजतो, म्हणून तुमची बाग फुलते!" हे वाक्य ज्ञानेश असं म्हणायचा, की समोर भाजी घ्यायला आलेला माणूस क्षणभर पिशवी खाली ठेवायचा. मग उचलून निघून जायचा.

हे वाक्य असं निघायचं, कारण त्याआधी रंगनाथ पेटीवर काळी एकचा सा धरायचा.

ही भानगड कॉलेजपासूनची. एकांकिका स्पर्धेत ज्ञानेश राजा झाला होता. तोंड उघडलं आणि घाबरल्यामुळे आवाज असा वर चढला, की मागच्या रांगेतून कोणीतरी "राणीसरकार!" अशी हाक मारली. विंगेत पेटीला बसलेल्या रंगनाथने काय सुचलं कोण जाणे, काळी एकवर बोट दाबून ठेवलं. ज्ञानेशचा आवाज जिन्यावरून उतरावा तसा खाली आला आणि त्या सुरावर उभा राहिला. राजाला बक्षीस मिळालं. तेव्हापासून ज्ञानेशने रंगनाथच्या सुराशिवाय नाटकातलं एकही वाक्य म्हटलं नव्हतं. प्रवेश सुरू होताना सूर. वाक्य मध्ये थांबलं की त्या थांबण्यात पेटीची दोन आवर्तनं आणि परत सूर. त्यावर ज्ञानेश पुढचं वाक्य उचलायचा. हौशी नाटकांचे समीक्षक याला 'संगीताशी जडलेलं नातं' वगैरे म्हणत. रंगनाथ 'कुबडी' म्हणायचा. पण काढून घ्यायचा नाही.

तर अशा ओल्या कचऱ्याला एका मालिकेत काम मिळालं.

मालिका कोल्हापुरातल्या घराण्याची होती, म्हणून तिचं चित्रीकरण इथल्याच गिरणारे रस्त्यावरच्या एका बंगल्यात चालायचं. बंगल्याच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा. त्या फ्रेममध्ये येऊ नयेत यासाठी एक वेगळा माणूस ठेवला होता. दिग्दर्शक साई नावाचा तिशीचा मुलगा. त्याने ज्ञानेशला द्वारकेच्या चौकात ओला कचरा करताना पाहिलं होतं. म्हणजे सिग्नलला गाडी अडकली म्हणून पाहावं लागलं होतं.

"काका, तुम्ही आमचे अण्णासाहेब," साई म्हणाला. "घरातले कर्ते. हृदयविकाराचा झटका येतो. मरता मरता सुनेला तिजोरीची किल्ली कुठे आहे ते सांगता."

"आणि मरतो?"

"ते सीन कसा होतो त्यावर आहे. चांगला झाला तर कोमात जाता आणि वाचता. आम्हाला सणावाराला एक मोठं माणूस लागतंच. गुढीपाडवा, गणपती, सुनेचं डोहाळजेवण. वर्षभर तुम्ही आहात. नाही जमला तर मग…" साईने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "फोटो."

ज्ञानेश त्या खिळ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

घरी परतताना स्कूटरवर मागे बसून तो रंगनाथच्या कानात ओरडत होता. "रंग्या, वर्षभर! केळीच्या साली नाहीत, काही नाही. माणूस! मला पुन्हा एकदा माणूस करायचाय रे. आता नाही तर मग आपल्याला काय, खतच व्हायचंय."

"हो रे बाबा. खड्डा आहे, नीट धर."

"तू येणार ना?"

"तिथे पेटी चालणार नाही."

"पेटी नको. तू ये."

चित्रीकरणाच्या दिवशी येणाऱ्यांच्या यादीत रंगनाथला 'ड्रायव्हर' म्हणून घातलं होतं. ते दोघं आले होते रंगनाथच्या स्कूटरवर, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. ज्ञानेशला रेशमी सदरा घालून पलंगावर निजवलं. ध्वनी सांभाळणाऱ्या माणसाने रंगनाथकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

"माझा सूर," ज्ञानेश पलंगावरून म्हणाला.

"कोण?"

मग सगळं समजावून सांगावं लागलं. साई हसला, पण वाईट हसला नाही. त्याच्या पिढीला विक्षिप्त ज्येष्ठांची सवय होती. ध्वनीवाल्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सीनच्या आधी काय हवं ते गा. ॲक्शन म्हटल्यावर गप्प. मध्ये जो पॉज आहे, त्यात हळू गुणगुणलात तरी चालेल. तिथे मागाहून म्युझिक टाकणारच आहोत, तुमचा आवाज काढून टाकता येईल. पण एकदाच."

"एकदाच पुरे," रंगनाथ म्हणाला.

वाक्य असं होतं: "सूनबाई, तिजोरीची किल्ली…" मग कंसात 'थांबतात', आणि पुढे "…देवघरात, गणपतीच्या पाटाखाली आहे." लेखकाने यात फार काही टाकलं नव्हतं. पण ज्ञानेशने ते आठवडाभर घोटलं होतं. त्याच्या घरी किल्ली हा शब्द काढायची सोय उरली नव्हती. बायको कपाट उघडं ठेवून बाजारात जायची.

रंगनाथ कॅमेऱ्याच्या मागे, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. डोळे मिटून त्याने घशातल्या घशात सा लावला. ज्ञानेशने तो घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

"ॲक्शन!"

"सूनबाई," ज्ञानेश म्हणाला. आवाज काळी एकवर, खोल, विहिरीतून यावा तसा. सूनबाईचं काम करणारी मुलगी मोबाइल बाजूला ठेवून पुढे झुकली. "तिजोरीची किल्ली…"

आणि थांबला.

आता रंगनाथने गुणगुणायचं होतं. त्याने श्वासही घेतला होता. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तीसहून अधिक वर्षं तो ज्ञानेशचा प्रत्येक पॉज भरत आला होता. तो रिकामा कसा ऐकू येतो, हे त्याने आयुष्यात ऐकलंच नव्हतं. तो नेहमी त्याच वेळी वाजवत असायचा.

म्हणून तो ऐकू लागला.

खोलीत काही नव्हतं. बाहेर बागेत औषध फवारणीचा ट्रॅक्टर होता, तोसुद्धा त्या वेळी बंद होता. ज्ञानेश सुराची वाट बघत होता. सूर येत नाही म्हटल्यावर त्याचे डोळे हलले. आधी रंगनाथकडे, मग छताकडे, मग कुठेच नाही. ओठ उघडले होते. एक माणूस काहीतरी सांगायला निघाला होता आणि त्याच्या पायाखालची वाट संपली होती. रंगनाथला वाटलं, आता द्यावा. मग वाटलं, अजून जरा. आपण इतकी वर्षं यावर पेटी वाजवत होतो? हे झाकायला?

"अण्णा!" सूनबाई किंचाळली. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तिने ज्ञानेशचा हात धरला आणि ती खरीच रडायला लागली. "अण्णा, बोला ना! अण्णा!"

"कट!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ध्वनीवाल्याने कानावरचं यंत्र काढून डोळे पुसले. साई फोनवर कोणाला तरी ओरडून सांगत होता, "अरे, तो न सांगताच गेला! हो, किल्ली कोणालाच माहीत नाही! अरे, सहा महिन्यांचे एपिसोड सुटले आपले!"

ज्ञानेश उठून बसला. "माझं अर्धं वाक्य राहिलंय."

"राहू दे काका!" साईने त्याला मिठी मारली. "असं मरण मी आजपर्यंत पाहिलं नाही. कोमा वगैरे कॅन्सल. यानंतर तुम्ही उठून बसलात तर लोक मारतील आम्हाला. तो सदरा काढू नका, फोटो काढून घेऊ."

फोटो काढला. प्लास्टिकच्या झेंडूचा हार लगेच मिळाला, कारण तो आधीच्या मालिकेतल्या आजोबांचा होता.

स्कूटर गंगापूर नाक्याच्या सिग्नलला थांबली. मागून ज्ञानेशने विचारलं.

"सूर का नाही दिलास?"

"चांगलं चाललं होतं तुझं."

"काय चांगलं? मी वाट बघत होतो!"

"तेच चांगलं होतं."

"रंग्या, मी मेलो तिथे."

"हो. छान मेलास."

यानंतर ज्ञानेश त्याच्याशी बोलला नाही. म्हणजे फोन यायचा, 'रविवारी नऊ वाजता, पंचवटी' एवढा. स्कूटरवर मागे बसायचं त्याने बंद केलं आणि रिक्षाने येऊ लागला. रिक्षा नेहमी उशिरा यायची, म्हणून ओला कचरा घाईघाईत झगा चढवायचा आणि साली उलट्या लोंबायच्या. रंगनाथ काळी एक धरायचा. ज्ञानेश सूर घ्यायचा, वाक्य टाकायचा, आणि नजर न मिळवता सुक्या कचऱ्याकडे वळायचा. पेटीवर बोट ठेवताना रंगनाथला पहिल्यांदाच वाटू लागलं की आपण नोकरी करतोय. आणि प्रत्येक पॉज भरताना त्याला तो पलंग दिसायचा. पण भरायचा. पुन्हा असं करण्याची त्याची हिंमत नव्हती.

मालिकेत अण्णासाहेब एका गुरुवारी वारले.

त्यानंतरच्या रविवारी पंचवटीतल्या भाजीबाजारात प्रयोग होता. प्रयोग म्हणजे मेथीच्या ढिगाऱ्यांच्या आणि उभ्या दुचाक्यांच्या मध्ये मिळेल तेवढी जागा. तो संपला, पोरं चहाला गेली, आणि ज्ञानेश झगा उतरवू लागला. एवढ्यात फ्लॉवर विकणारी कुसाबाई उठून त्याच्यासमोर आली. मखमलाबादकडचं शेत, रोज पहाटे माल घेऊन येणारी. दोन वर्षांत तिने ओल्या कचऱ्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

"तुम्ही अण्णासाहेब ना व्हो? ते वारले ते?"

"हो."

"मंग हितं काय करता?"

"ओला कचरा," ज्ञानेश म्हणाला.

तिने झग्याकडे पाहिलं, आणि विषय सोडून दिला. "लय रडले मी. माझी सून तर जेवलीच नाय त्या दिशी. घास हातातच राह्यला तिच्या. एक सांगा, तुमाला सांगायचं काय होतं? ती किल्ली कुठं हाय?"

"अहो मावशी, ते नाटक असतं…"

"ते मला कळतंय. पन तुमाला तर ठावं आसंन ना?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ज्ञानेशने रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथ पेटी पिशवीत घालत होता. त्याने ती परत बाहेर काढली, भात्याला दोन झटके दिले आणि काळी एक दाबली.

उलट्या केळीच्या सालींत उभ्या असलेल्या अण्णासाहेबांनी फ्लॉवरवालीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सूनबाई, तिजोरीची किल्ली…"

रंगनाथने बोट उचललं.

बाजार काही थांबला नाही. पलीकडे कोथिंबिरीवरून भांडण चालू होतं, एक रिक्षा मागे येताना गाणं वाजवत होती. पण कुसाबाई थांबली होती. तिच्या शेजारची टोमॅटोवालीही थांबली. ज्ञानेशने या वेळी डोळे हलवले नाहीत. वाट बघत राहिला, पण कोणाची ते कळेना. निदान रंगनाथची नक्की नव्हे. आणि मग कोणीही सूर न देता तो स्वतःच म्हणाला, "…देवघरात, गणपतीच्या पाटाखाली आहे."

रंगनाथने खात्री करायला पेटीवर हळूच बोट टेकवलं. काळी एक. बरोबर तिथेच.

"एवढंच?" कुसाबाई म्हणाली.

"एवढंच."

तिने थोडा विचार केला. "मंग बरं झालं नाय बोलले. तो मेला दीर दाराआड हुबा होता. त्यालाच घावली आसती." आणि फ्लॉवरची छाटलेली पानं दोन्ही हातांनी गोळा करून तिने ज्ञानेशच्या हातात दिली. "ही घेऊन जा तुमच्यात." मग ती गिऱ्हाइकाकडे वळली.

ज्ञानेश पानं धरून उभा राहिला. ठेवायला जागा नव्हती, कारण त्यांनी नाट्यासाठी आणलेले कचऱ्याचे दोन्ही डबे पुठ्ठ्याचे, नुसते दाखवायचे होते.

"दाराआड दीर होता?" त्याने विचारलं.

"मला नाही दिसला," रंगनाथ म्हणाला. "मी तुझ्याकडे बघत होतो."

ज्ञानेशने पानं झग्याच्या पुढच्या सालीत खोचली. द्वारकेला दुसरा प्रयोग होता आणि एकही रिक्षावाला पंचवटीतून तिकडे यायला तयार नव्हता. दोन रिक्षावाल्यांनी झगा बघूनच मान हलवली. शेवटी तो येऊन स्कूटरवर मागे बसला, पेटी दोघांच्या मध्ये घेऊन.

"द्वारकेला पण पॉज रिकामा ठेवू?" रंगनाथने विचारलं.

"द्वारकेला? तिथे हॉर्न थांबतात का कधी?"

"ते नाही थांबणार. तू थांब."

"हं," ज्ञानेश म्हणाला. "खड्डा आहे पुढे, बघ."