पराभवाचे प्रात्यक्षिक

टायरच्या कारखान्यावरच्या त्या लांबट हॉलमध्ये एक नियम कटाक्षाने पाळला जाई. लढतीच्या आठवड्यात विजयाचे भाकीत कोणी करायचे नाही. प्रत्येकाने लढणाऱ्याच्या तोंडावर सांगायचे की तो कसा हरेल, आणि मग मॅटवर उतरून तो पराभव घडवून दाखवायचा. जे दाखवता येत नाही ते भाकीत रद्द. हॉल चालवणाऱ्या मामांनी तंत्रनिकेतनात आयुष्यभर धातूंचे नमुने यंत्रात ताणून तोडले होते. वस्तू कुठे तुटेल हे आधी कळलेच पाहिजे, असे त्यांचे मत. माणसाला एक सवलत होती. मॅटवर थाप मारली की समोरच्याने त्या क्षणी सोडायचे.

शनिवारी त्यांची धाकटी भाची जाळीच्या पिंजऱ्यात, ठोसे आणि पकडी दोन्ही चालणाऱ्या लढतीला उतरणार होती. प्रतिस्पर्धी मुलीला सगळे ‘मगर’ म्हणत. मागच्या लढतीत पंच मागे खेचत असतानाही मगरने पकडलेला हात सोडला नव्हता. त्या हाताच्या मालकिणीला अजून स्वतःचे केस विंचरता येत नाहीत.

पहिली पाळी गवंड्याची. तो दिवसभर भिंती बांधून संध्याकाळी इथे यायचा.

“तुझी हनुवटी वर राहते. पहिल्याच मिनिटात ती तुझं थोबाड रंगवणार,” असे म्हणून त्याने दोन ठोसे असे लगावले की धाकटीची भुवई फाटली. तिने त्याच्या बरगडीत गुडघा घातला. तो कळवळून बसला.

“गिलावा पातळ झाला, दादा,” रक्त पुसत ती म्हणाली.

मग थोरली बहीण उठली. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी हॉलमध्ये आणखी कोणालाच ठाऊक नव्हती. मध्यंतरी घरी कपाटावरची बॅग काढताना धाकटीचा डावा खांदा निसटला होता. तिने तो दाराच्या चौकटीला रेटून स्वतःच बसवला आणि थोरलीला शपथ घातली, मामांना कळता कामा नये.

“मगर डावा हात पाठीमागे नेईल,” थोरली म्हणाली. “खांदा निखळेल.”

मामांनी मान वर केली. “निखळेल? का? आधी काही झालंय?”

“ठणठणीत आहे खांदा,” धाकटी मध्येच बोलली. “ताईलाच धडकी भरलीय.”

“मी तिला विचारलं.”

थोरलीने बहिणीकडे पाहिले. शपथेने तिचे तोंड बांधलेले होते. “करून दाखवते,” एवढेच ती म्हणाली.

धाकटीने वाट पाहिली नाही. पहिला ठोसा थोरलीच्या कानशिलावर बसला, दुसरा नाकावर. नाक मोडले आणि रक्ताची धार हनुवटीवरून मॅटवर आली. थोरलीने खाली वाकून तिच्या कमरेला मिठी घातली, तिला भिंतीवर आदळले, आणि दोघी कोसळल्या. धाकटी खालून कोपर हाणत राहिली. थोरलीने ते सारे तोंडावर झेलले, कारण तिला फक्त एक मनगट हवे होते. ते सापडताच दोन्ही हातांचे कुलूप घालून तिने डावा हात पाठीकडे वळवायला घेतला.

“थाप मार,” ती बहिणीच्या कानाशी म्हणाली.

“मर तू.”

“हलतोय खांदा. माझ्या हाताला कळतंय. थाप मार गं बाळा.”

“शनिवारी मारेन. मगरच्या तोंडावर.”

“अहो मामा, सोडवा यांना!” गवंडी ओरडला.

मामा पुढे झाले. “थोरले, पुरे. सोड तिला.”

आता सोडले असते, तर धाकटी हसत उठली असती, भाकीत रद्द ठरले असते, आणि शनिवारी हाच हात मगरच्या हातात गेला असता. थोरलीने सोडले नाही. तिने शरीराचा सगळा भार त्या हातावर टाकला.

आवाज फारसा झाला नाही. सांधा खोबणीबाहेर गेल्याचे थोरलीच्या तळव्यांना मात्र स्पष्ट जाणवले. मग धाकटीची किंकाळी उठली. खाली कारखान्यात कोणीतरी यंत्र बंद केले.

मामांनी थोरलीला खांद्याला धरून बाजूला फेकले. “सोड म्हणालो होतो मी!”

“ऐकलं.”

“मग?”

“मुद्दाम केलं, मामा. शनिवारी ती जाणार नाही.”

मामांनी लोंबणाऱ्या हाताकडे पाहिले, मग थोरलीच्या चेहऱ्याकडे. “हे पहिल्यांदा होत नाहीये,” ते सावकाश म्हणाले. त्यांनी आयोजकांना फोन लावला आणि लढत रद्द करायला सांगितली. गवंडी गाडी काढायला जिन्याकडे धावला.

धाकटी भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक. थोरली पट्टी घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

“आणखी जवळ ये.”

थोरली सरकली. धाकटीने उजव्या मुठीने तिच्या मोडक्या नाकावर ठोसा हाणला, हातचे काहीही न राखता. थोरलीचे डोके मागे गेले, पुन्हा जागेवर आले. ती हटली नाही. रक्त पट्टीवर ठिबकत राहिले.

“वैरीण आहेस माझी.”

“असेन.”

धाकटीने दात आवळले, निखळलेला हात उजव्या हाताने उचलला आणि बहिणीपुढे धरला.

“बांध आता. आणि दुखवलंस तर याद राख.”