तोंडात टाचण्या

टोपी बाजारातले हेमेंद्रराव साफेवाले म्हणजे अवली माणूस. साफा बांधता बांधता रुसलेल्या मामालाही हसवणार. पण वरातीत साफेवाल्यापुढे आधी दारूचा गिलास धरायचा, ही धंद्यातली रीत, आणि ती त्यांनी कधी मोडली नव्हती. मागच्या मोसमात त्यांनी झिंगून बांधलेला एक साफा सुटून घोडीच्या डोळ्यांवर पडला. घोडी नवरदेवासकट थेट दुसऱ्या मोहल्ल्यात, माधवगंजात!

लेक प्रांजली हसली नाही. "बाबा, माझ्या लग्नात राघवचा साफा तुम्हीच बांधायचा. पण वास आला, तर दुसरा साफेवाला बोलावेन. पक्का." आणि तिनंच त्यांना मोबाइलवरच्या दारू कमी करायच्या कोर्सात घातलं.

दर आठवड्याला पडद्यावर कोर्साच्या सीमंतिनी मॅडम यायच्या.

"गिलास पुढे आला की काय म्हणाल?"

"कावीळ झालीय म्हणेन."

"पुढच्या वरातीत?"

"शनीचा नवस. नाहीतर सासू गेली म्हणेन. तशी ती दर मोसमात जातेच."

मॅडम खळखळून हसल्या. "बहाण्यावर लोक तोड काढतात हो. नुसतं 'नको' म्हणून बघा."

म्हणून बघितलं. आवाज असा निघाला, जणू 'थोडीशीच' म्हणतायत.

मग गड्यानं युक्ती काढली. वरातभर साफ्याला लावायच्या टाचण्या ओठांत! गिलास आला की "ऊं ऊं". घरी मात्र कधी कधी घसरायचे, मॅडमना सांगून टाकायचे. "पूर्वीपेक्षा कमी ना? चला पुढे," एवढंच त्या म्हणायच्या.

लग्नाच्या दिवशी जानवशावर, म्हणजे वरपक्षाच्या उताऱ्यावर, हेमेंद्रराव राघवला साफा बांधत असताना त्याचे काका दिनकरराव गिलास घेऊन आडवे आले. "व्याहीबुवा, काढा त्या टाचण्या! आज नाही म्हणालात तर हमारी बेइज्जती."

हेमेंद्ररावांनी टाचण्या काढल्या. जिभेवर कावीळ, शनी, सासू, सगळे रांगेत उभे.

"नको."

"अहो, एक घोट!"

"नको, दिनकरराव. लई प्यायलो. आता कमी करतोय. आज तर नकोच."

दिनकररावांचा चेहरा पडला. "जशी मर्जी," म्हणत ते गिलास घेऊन बाहेर गेले.

हेमेंद्ररावांची बोटं लटपटायला लागली. दारूनं नव्हे, व्याही दुखावल्याच्या भीतीनं. अर्धा साफा डोक्यावर घेऊन राघव मान न हलवता बसला होता. हळूच म्हणाला, "सावकाश, बाबा."

बाहेरून बँडवाला ओरडला, "चलो जी, देर हो रही है!"

"होऊ दे," हेमेंद्रराव म्हणाले, आणि हाताची थरथर थांबायची वाट बघत उभे राहिले.