पाचव्या होलची घंटा

ब्रेकमास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, ते काही उगाच नव्हतं. ड्रायव्हिंग शाळेत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि तो सगळा शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक घेऊन. शाळा सुटली तरी पायाची सवय सुटली नाही. कुणाच्याही गाडीत बसले की उजवा पाय आपोआप दाबला जायचा. तिथे नुसता पत्रा असायचा, पण दाबल्याशिवाय राहवायचं नाही.

त्या रविवारी सकाळी तर तो पाय फारच दाबला जात होता. गाडी व्याही चालवत होते.

"मास्तर, पत्रा फाटेल," व्याही म्हणाले. "समोर कुत्रंसुद्धा नाही."

"नाही, सहज," मास्तर म्हणाले आणि शर्टाचा खिसा चाचपला. डबी होती. बोटभर उंचीची, गोळ्यांची डबी.

ही डबी लेकीने दिली होती. निघायच्या आधी तिने बापाला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटलं आणि नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "बाबा, पप्पांच्या छातीत दुखलं होतं मागच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, दगदग नको आणि चढ तर मुळीच नको. पण ते ऐकतील तर शपथ. वर आम्हाला दम दिलाय, व्याह्यांना कळता कामा नये म्हणून."

"मग जायचंच कशाला? गोल्फवाचून काय अडलंय?"

"तेच म्हटलं, तर ताटावरून उठून गेले. बाबा, दुखलंच तर एक गोळी जिभेखाली. तुमच्या भरवशावर सोडतेय त्यांना."

तुमच्या भरवशावर! स्वतःच्या सावलीला बिचकणारा माणूस, आणि लेकीच्या सासऱ्याचा जीव त्याच्या खिशात.

व्याही नळकाम करणारे. एका मोठ्या मैदानावर पाण्याचे पाइप बसवायला गेले आणि तिथल्या साहेबांना खेळताना बघून स्वतःच नादाला लागले. मोठ्या मैदानांची फी मात्र त्यांना पटत नसे. "गवतावर चालायचे एवढे पैसे? गवत काय सोन्याचं आहे?" म्हणून ते मोबाइलवर स्वस्तातली मैदानं हुडकत, आणि एखादा शनिवार-रविवार गाडी काढून खेळून येत. लेकीचं लग्न झाल्यावर सोबतीला मास्तर मिळाले. मास्तरांना बॉल धड मारता येत नसे, पण लेकीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं?

या खेपेला व्याह्यांनी तीन मैदानं काढली होती. सगळ्यांत स्वस्त होतं ते डोंगरावरचं.

"तिथे नको," मास्तर घाईने म्हणाले होते. "तिथे म्हणे खड्डेच खड्डे आहेत."

"अहो मास्तर, गोल्फच्या मैदानाला खड्डे नसतील तर बॉल घालायचा कुठे? तुमच्या टोपीत?"

मास्तर पडेल चेहऱ्याने हसले, पण डोंगर त्यांनी टाळलाच. शनिवारी कारखान्यामागचं सपाट मैदान झालं. तो दिवस निभावला. रविवारसाठी मास्तरांनी नदीकाठचं मैदान पुढे केलं. तिथे राखणदार नाही की ऑफिस नाही. फाटकाला एक पेटी, तिच्यात आपली फी आपणच टाकायची आणि खेळायचं. व्याही खूश झाले. "मास्तर, तुम्ही तर माझ्याही वरताण चिकट निघालात!" मास्तरांनी ते ऐकून घेतलं. फोटोत मैदान परातीसारखं सपाट दिसत होतं, आणि जवळच्या गावात हमरस्त्यालाच मोठं हॉस्पिटल होतं. मास्तरांनी ते दोन्ही बघून ठेवलं होतं. फी त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

पण मैदानावर पाय ठेवल्यावर त्यांना दुसरंच दिसू लागलं. राखणदार नाही, म्हणजे माणूसच नाही. फोनला रेंज नाही. नदीकाठचा तो खोलगट भाग, चहूबाजूंनी झाडी. स्वस्त का आहे, ते आता उमगलं. फाटकापाशी एक नवराबायको तेवढी भेटली, तीही एकमेकांशी भांडत.

"मोजे विसरलास. नेहमीसारखे."

"तू आठवण केली नाहीस. नेहमीसारखी."

व्याही हसले आणि पुढे निघाले. ती दोघं मागून येणार होती. एवढीच काय ती माणसं. मास्तर दर होलला मागे वळून ती दोघं दिसतात का ते बघत आणि व्याह्यांचा श्वास ऐकत. चार होल बरे गेले. पाचव्याला मास्तर थबकले. समोर आडवा, घराएवढा उंच मातीचा उंचवटा होता. फोटोत तो कुठेच नव्हता.

"हा कुठून आला?"

"गंमत आहे ती या होलची," व्याही म्हणाले. "पलीकडचं इकडून दिसत नाही. म्हणून पलीकडे घंटा टांगलीय. आपला खेळ उरकला की ती वाजवायची. घंटा ऐकली की मागच्यांनी समजायचं, रस्ता मोकळा, मारा बॉल बिनधास्त."

"आपण हा सोडून सहाव्याला जाऊ या का?"

"का म्हणून? पेटीत नऊ होलचे टाकलेत."

"मग तुमची पिशवी तरी द्या इकडे."

व्याह्यांनी मास्तरांकडे रोखून पाहिलं. "मी काय म्हातारा झालो?" आणि केवळ दाखवण्यासाठी, काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून ते जवळजवळ पळत चढले. मास्तर मागून, हात पुढे करून, पडणारी बरणी झेलावी तसे.

व्याही वर पोचले, पलीकडे उतरले. होलच्या झेंड्याजवळ त्यांनी आधी अलीकडून मारलेला बॉल पडला होता. त्यांनी काठी घेतली, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग एक हात गवतावर टेकून हळूच खाली बसले.

"बुटात खडा गेलाय," ते म्हणाले. तोंड राखेसारखं झालं होतं आणि कपाळावर घाम साचला होता.

मास्तरांनी खिशातली डबी काढली, पण झाकण निघेना. शेवटी दातांनी काढलं. "आ करा. जिभेखाली."

व्याह्यांनी गोळीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पोरीने सांगितलं."

"आ करा म्हणतो ना!"

जन्मात पहिल्यांदा मास्तर लेकीच्या सासऱ्यावर ओरडले. व्याह्यांनी निमूट तोंड उघडलं. मास्तरांनी त्यांना पिशवीला टेकवून बसवलं, कॉलर सैल केली. फोन काढला. रेंज नाहीच. हाका मारल्या, पण उंचवट्यापलीकडे आवाज पोचेना. माणूस सोडून पळत जावं, तर इकडे काही झालं म्हणजे? न जावं, तर कुणाला कळणार?

तेवढ्यात त्यांना घंटा दिसली. चार पावलांवर, खांबाला टांगलेली. मास्तरांनी दोरी धरली आणि आग लागल्यासारखी घंटा बडवली. थांबले. कान दिले. पलीकडून कुणी येईना. पुन्हा बडवली. येतील आता, धावत येतील.

आला तो बॉल. उंचवट्यावरून वर उसळला आणि व्याह्यांच्या पायापासून हातभर अंतरावर धप्पकन रुतला.

मास्तर बघतच राहिले. घंटा म्हणजे रस्ता मोकळा. मारा बिनधास्त. आपणच बोलावलं! आणि आता दुसरा बॉल येणार, कारण ती दोघं आहेत.

त्यांनी दोरी सोडली आणि उंचवट्याकडे धावले. गुडघ्यावर पडले, हातांनी गवत धरून वर गेले. माथ्यावर उभं राहायचं म्हणजे बॉलच्या वाटेत उभं राहायचं, हे त्यांना कळत होतं. शिकाऊ पोरांना ते हेच सांगत आले होते, समोर धोका दिसला की आधी थांबा. त्यांचा पाय नसलेला ब्रेक शोधत होता. तरी ते माथ्यावर गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

खाली त्या दोघांतल्या बायकोने काठी फिरवलेलीच होती. बॉल कानाजवळून सूं करत गेला. मास्तरांनी डोळे मिटले, पण हात खाली घेतले नाहीत.

"ओ काका!" खालून नवरा ओरडला. "जीव नकोसा झालाय का? घंटा कुणी वाजवली मग?"

"माणूस!" मास्तर ओरडले. या वेळी आवाज पोचला. "आमचा माणूस पडलाय!"

नवराबायको काठ्या टाकून धावली. भांडण कुठल्या कुठे गेलं. बायकोने व्याह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, नवरा म्हणाला, "उचलून नेलं तर दगावतील. गाडी इथे आणा."

"इथे? गवतावर?"

"मग काय हवेतून आणता?"

किल्ली व्याह्यांच्या खिशात होती. मास्तर ती घेऊन फाटकापर्यंत कसे गेले, ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. पांढऱ्या पट्टीवर चाक गेलं म्हणून पोरांना झापणारा तो माणूस, गाडी फाटकातून आत घालून, हिरवंगार गवत उकरत, उंचवट्याला वळसा घालून थेट झेंड्याला टेकवून उभा राहिला.

व्याह्यांना शेजारच्या सीटवर घातलं, सीट मागे पाडली. बायको मागे बसली, त्यांचे खांदे धरून. नवरा आपली गाडी घेऊन मागून निघाला.

हमरस्ता लागला. शेजारच्या सीटकडे बघायची मास्तरांना हिंमत होईना. चेहरा बघवत नव्हता, म्हणून त्यांनी पायाकडे पाहिलं. वळण आलं, आणि व्याह्यांचा उजवा पाय दाबला गेला. खाली नुसता पत्रा. पुढचं वळण, पुन्हा दाबला गेला. मास्तरांनी मनाशी गाठ बांधली: हा पाय दाबतोय तोवर माणूस आहे.

मग एका वळणावर पाय हलला नाही.

"व्याहीबुवा?"

पुढचंही वळण गेलं. पाय तसाच, बूट बाजूला कललेला.

मग मास्तरांनी जे केलं, त्याबद्दल शाळेत त्यांनी कुणालाही नापास केलं असतं. पुढचं वळण आलं तेव्हा त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबला. गाडी करकरत वळली, मागची बाई किंचाळली.

शेजारचा बूट उठला आणि दाणकन पत्र्यावर आदळला.

"हळू, मास्तर!" व्याही पुटपुटले. "मारताय की काय?"

"नाही," मास्तर म्हणाले. डोळ्यांतल्या पाण्याने रस्ता दिसेनासा झाला होता, म्हणून बाहीने ते पुसलं. "दाबत राहा. पत्रा फाटला तरी चालेल."

प्रत्येक वळणावर ते गाडी तशीच घालत राहिले, आणि प्रत्येक वळणावर व्याही शिव्या घालत पाय दाबत राहिले. हॉस्पिटलचं फाटक आलं. दोघांनीही पाय एकदमच दाबले, आणि गाडी थांबली.

स्ट्रेचर आत नेताना व्याह्यांनी मास्तरांची बाही धरली. "चार होल राहिले आपले. पैसे टाकलेत."

"राहू देत, नंतर खेळू," मास्तर म्हणाले. "ते सपाट आहेत."

दार बंद झालं. मास्तर बाहेरच्या बाकावर बसले, लेकीला फोन लावला, आणि घंटी वाजत असताना त्यांचा पाय फरशी दाबत राहिला.