पाठमोरी ओळख

सुट्टीत गाडी रमतगमत चालवायची, हा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरचा हट्टच होता. "अहो, सायकलवालाही पुढे गेला!" म्हणत बायको वाटभर करवादत होती. वर्षभर भोंगा वाजवत पळणाऱ्याला हळू जाण्यात काय सुख असतं, हे तिला कुठून कळणार!

चहाला थांबले, तर मागच्या टेबलावरची एक बाई उठून थेट समोर आली.

"दादा, तुम्हीच ना ते? मानेवरचा हा डाग मी जन्मात विसरणार नाही. हॉस्पिटल येईपर्यंत त्याच्याकडेच बघत बसले होते. मागे आडवी होती ना, ती ही माझी लेक."

शेजारी उभी असलेली उंच पोरगी लाजून हसली. ड्रायव्हरही हसला, पण ओळख काही पटेना. त्याचं काम हॉस्पिटलच्या दारापर्यंत. आत गेलेल्याचं पुढे काय झालं, हे सांगायला त्याच्याकडे कोण कशाला येतंय? खोटंच "आठवलं" म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. "बरी आहे ना आता? मग झालं तर," एवढंच तो बोलला.

निघताना गाडी मागे घ्यायला त्याने आरशात पाहिलं आणि खाडकन ब्रेक दाबला. हाच तो चेहरा! समोरून कधी पाहिलाच नव्हता, मग ओळखणार कसा?

"आता काय झालं?" बायको म्हणाली.

आरशात मायलेकी हात हलवत होत्या.

"तेव्हा आरशात एकटी आईच दिसत होती गं," तो डोळे पुसत म्हणाला. "आज दोघी मावल्या."